रक्ताचा जमाखर्च

बी. कॉम., द्वितीय वर्ष

कॉलेजच्या शिबिरात मी प्रथमच रक्तदान केले. घरी आजीने विचारले, "एवढे रक्त दिलेस, आता ते भरून कसे यायचे रे?" शिबिरातील डॉक्टर "येते भरून" एवढेच म्हणाले होते. पण जमा कोठून होते हे कळल्याविना खर्च लिहून मोकळे होणे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कसे रुचावे? विज्ञान शाखेच्या मित्रांनी माझे धाडस गोड मानून घ्यावे.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून शरीराला दर सेकंदाला वीसेक लाख नव्या पेशी घडवाव्या लागतात. हा कारखाना हाडांतील मज्जेत असतो. त्याचे महत्त्व जगाला कठोर रीतीने कळले. १९४५ साली हिरोशिमा-नागासाकीत आगीतून वाचलेली माणसेही पुढील काही आठवड्यांत दगावली. किरणोत्सर्गाने त्यांची मज्जा निकामी केली होती.

मग प्रश्न आला, मज्जा किती किरण सोसते? येथे थर्मामीटर कुचकामी. उंदराचा प्राण घेणारी मात्रा त्याचे तापमान अंशाच्या शंभराव्या भागानेही वाढवीत नाही! म्हणून किरणांमुळे हवेत सुटणारे विद्युत्भार मोजून मात्रा ठरवीत. १९५३ पासून ती 'रॅड' या एककात सांगू लागले.

कॅनडातील टोरांटो येथे पदार्थवैज्ञानिक जेम्स टिल व डॉक्टर अर्नेस्ट मॅकलक् यांनी हेच मोजमाप हाती घेतले. मोजलेल्या मात्रेने उंदरांची मज्जा मारायची आणि दुसऱ्या उंदरांची निरोगी मज्जा, पेशी मोजून, टोचायची. दहा दिवसांनी उंदरांच्या पानथरीवर, म्हणजे प्लीहेवर, बारीक गाठी दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या पुसट नोंदीत सोडून दिल्या असत्या. यांनी त्या मोजल्या. टोचलेल्या पेशी दुप्पट, तर गाठीही दुप्पट! सुमारे दहा हजार पेशींमागे एक गाठ. आलेख सरळ रेषेत आला. १९६१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. प्रत्येक गाठ एकाच पेशीची संतती असते, हे १९६३ मध्ये गुणसूत्रांवरील खुणांनी सिद्ध झाले.

हीच रक्ताची मूळ पेशी. ती स्वतःसारखी पेशी निर्माण करून राखते आणि रक्ताच्या निरनिराळ्या पेशीही पुरवते. आमच्या भाषेत सांगायचे तर व्याज खर्चास, मुद्दल कायम. याच मुद्दलावर मज्जारोपणाचा उपचार उभा आहे. १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तो झाला, आणि रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्यांना आपल्याकडेही आशा मिळाली. या हिशेबात कित्येक मुक्या उंदरांचे प्राण खर्ची पडले, हेही विसरू नये.

आजीला मी सांगितले, "बाटलीत गेले ते व्याज. मुद्दल माझ्या हाडांत शाबूत आहे." ती म्हणाली, "मग तीन महिन्यांनी पुन्हा दे. पण जेवून जा!"

वाचक मित्रहो, पुढील शिबिरात भेटूच.