करंगळीचं पेर आणि मोठ्या ओढीची कंडरा

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतली पोरं बॅटरी घेऊन वहाळावर जातात. चिंबोऱ्या बाहेर पडलेल्या असतात. घरी आणून टोपात ओतल्या की एखादी अशी निघतेच, जिची एक नांगी अगदी काडीसारखी. "ही नवी फुटलेली," आजी सांगायची. तिचं बरोबर होतं. तुटलेली नांगी चिंबोरीला पुन्हा येते. कात टाकताना आधी इवलीशी, मग प्रत्येक कातीबरोबर मोठी. शिजलेली नांगी फोडली की मांसातून एक पातळ, पारदर्शक पातं निघतं. आपण ते ताटाच्या कडेला ठेवून देतो. तीच चिंबोरीची कंडरा, स्नायूची ओढ नांगीपर्यंत पोचवणारी. नांगीबरोबर तीही नव्याने घडते.

माणसाचं तसं नाही. माझ्या डाव्या करंगळीचं शेवटचं पेर वाकत नाही. महाडजवळच्या आमच्या खाचरात भात कापताना डाव्या हातात रोपांची मूठ होती आणि विळा निसटला. हळद दाबली, चिंधी बांधली, रक्त थांबलं. आठवड्याने जखम मिटली, पेर मात्र ताठच राहिलं. आमच्याकडे रक्तवाहिनी, चेतातंतू आणि कंडरा या तिन्हींना 'शीर' म्हणतात. त्यामुळे रक्त थांबलं की शीर जुळली असंच सगळ्यांना वाटतं. विळा लागल्यावर बोटाचा प्रत्येक सांधा वाकतो का, हे त्याच दिवशी पाहायला हवं होतं. हे मला फार उशिरा कळलं.

बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात. मनगटावर अंगठा दाबून मूठ उघडझाप केली तर त्यांच्या दोऱ्या सरकताना जाणवतात. त्या दोऱ्या म्हणजे कंडरा. बोटात त्या एका निसरड्या नळीतून जातात. कापली गेली की कंडरेचं वरचं टोक स्नायूच्या ओढीने तळव्याकडे पळतं. वर कातडी जुळते आणि आत दोन टोकं एकमेकांपासून दूर राहतात. वेळेवर टाके घातले तरी संकट संपत नाही, कारण भरून येणारी कंडरा भोवतालच्या नळीलाच चिकटते. म्हणून स्टर्लिंग बनेल या अमेरिकी शल्यविशारदाने बोटाच्या या भागाला 'कुणाचीच नसलेली जमीन' म्हटलं होतं. तिथे ताबडतोब टाके घालणं बराच काळ टाळलं जाई. 1967 मध्ये हॅरोल्ड क्लाइनर्ट यांनी टाके घातल्यावर नखाला रबरबँड जोडून बोट लवकर हलतं ठेवण्याची पद्धत मांडली आणि चित्र बदललं. आजही टाक्यांइतकंच महत्त्व त्यानंतरच्या, काही दिवसांतच सुरू होणाऱ्या मोजक्या हालचालींना आहे.

पण कंडरा मुळात इतकी कच्ची का भरते? तिच्यात पेशी कमी, रक्तपुरवठा तुटपुंजा. बहुतेक भाग कोलॅजेनच्या समांतर धाग्यांचा. हे धागे किती जुने असतात, हे 2013 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-14 च्या खुणेवरून शोधलं. टाचेच्या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. पन्नाशीतला माणूस शाळेच्या वयातल्याच दोरीवर चालत असतो.

ही दोरी तुटली की शरीर काय करतं, ते खाचरवाल्याला सांगावं लागत नाही. ऐन पावसात बांधाला खांड पडली की हाताला येईल ते, माती, दगड, फांद्या, कोंबून आपण पाणी अडवतो. जखमेतही आधी सूज येते, मग काही आठवडे घाईघाईने तिसऱ्या प्रकारचं, बारीक आणि वेडंवाकडं कोलॅजेन भरलं जातं. पुढे महिनोन् महिने त्याच्या जागी पहिल्या प्रकारचं मजबूत कोलॅजेन येत राहतं, पण मूळची वीण परत येत नाही. उरतो तो व्रण.

गर्भात मात्र ती वीण परत येते. मेंढीच्या गर्भातली कंडरा कापली तर व्रणाशिवाय भरते, हे 2003 मध्ये दिसलं. मला सगळ्यात थक्क करणारा प्रयोग 2006 चा. गर्भातली कंडरा प्रौढाच्या शरीरात नेऊन ठेवली, तरी तिने ही हातोटी सोडली नाही. म्हणजे किमया केवळ गर्भाशयातल्या वातावरणाची नव्हती, त्या ऊतीचीच होती. न्यूयॉर्कच्या ॲलिस हुआंग आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये नवजात उंदरांच्या टाचेची कंडरा तोडून पाहिली. कंडरेच्या स्वतःच्या पेशी वाढल्या, खिंडारात उतरल्या आणि कंडरा पुन्हा कामाला लागली. प्रौढ उंदरात त्या पेशी जखमेत उतरल्याच नाहीत. तिथे दुसऱ्याच पेशींनी व्रण भरला.

प्रौढपणीही व्रण पुसून टाकणारा एक मासा मात्र आहे. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे. तिथे चिन्मय पात्रा आणि सहकारी झेब्राफिशवर काम करतात. बोटाच्या पेराएवढा हा पट्टेरी मासा जखमी हृदय पुन्हा घडवतो. 2021 मध्ये त्यांनी सीसीएन2ए या जनुकाचं त्यातलं काम उलगडलं. ते निकामी केलं की हृदयाच्या स्नायुपेशींची वाढ अडते, त्याचं प्रमाण वाढवलं की त्या वाढतात आणि तात्पुरतं साचलेलं कोलॅजेन अधिक चांगलं निवळतं. 2023 मध्ये त्याच जनुकाचा हात माशाच्या मणक्यांमधल्या चकत्या टिकवण्यात आणि पुन्हा घडवण्यातही दिसला. माणसातलं त्याचं भावंड मात्र व्रण वाढवणारं म्हणून ओळखलं जातं.

मला यातला एक शब्द सोडवत नाही: तात्पुरतं. माशाच्या हृदयातही आधी व्रणच येतो. खांड मासाही घाईनेच बुजवतो. पण नंतर कोंबलेलं काढून घेतो आणि बांध पुन्हा घालतो. माझ्या करंगळीत फांद्या आणि दगड तसेच राहिले आहेत. ते उचलायला सांगणारा निरोप प्रौढ कंडरेतल्या पेशींपर्यंत कसा पोचवायचा, हे माणसात अजून कुणाला साधलेलं नाही.