एकच नाव, दोन फाइली? दोष ‘ऱ’चा!

यवतमाळ-दारव्हा-पुसदकडे कुणाच्याही लॅपटॉपवर ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाची फाइल हमखास सापडते. त्यातला ‘ऱ’ नीट बघा. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: सबंध एक अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असा जोडून. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. मॅकची जुनी फाइलव्यवस्था नाव सुटं करून ठेवायची, लिनक्स आणि विंडोज जसं टाइप केलं तसंच ठेवतात. फाइली एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेल्या की गोंधळ इथेच होतो.

सिंकथिंग हे मोफत, मुक्तस्रोत साधन मला म्हणूनच आवडतं. नावं एकसारखी करण्याची सोय त्यात आधीपासून चालू असते. फाइली कुठल्याही क्लाउडवर न ठेवता थेट आपल्याच यंत्रांमध्ये जुळवल्या जातात.

त्याची कामाची यादी गिटहब या संकेतस्थळावर उघडी आहे. चुका आणि हव्या असलेल्या सोयी, दोन्ही तिथेच नोंदवतात. परक्या यंत्रावर फाइली कुलूपबंद ठेवण्याची मागणी 109 क्रमांकाची होती. ती सोय 2021 मध्ये चाचणीरूपात आली. सोय येईपर्यंत नोंद जिवंत ठेवली, याचं मला फार कौतुक आहे.

तुम्हाला चूक दिसली तर आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि फाइलीचं नेमकं देवनागरी नाव लिहून नोंदवा. मराठी नावांच्या अडचणी आपणच सांगायला हव्यात.