चुंबकीय क्षेत्र एका बिंदूवर रोखता येते काय?

आपल्या रुग्णालयात एमआरआय यंत्र नसल्यामुळे रुग्णांना तपासणीसाठी कल्याणला पाठवावे लागते. ही सोय टिटवाळ्यातच व्हावी, अशी सूचना देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक वारंवार करतात. त्यासोबत दोन प्रश्नही हमखास विचारले जातात. यंत्राच्या किमतीखेरीज खोलीवर एवढा खर्च कशासाठी? आणि तपासणी केवळ गुडघ्याची असेल, तर चुंबकाचा प्रभाव गुडघ्यापुरताच का ठेवता येत नाही? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे.

भिंगाने सूर्यकिरण एका बिंदूवर गोळा करता येतात, कारण प्रकाश प्रवास करतो आणि वाटेत त्याची दिशा वळवता येते. स्थिर चुंबकाचे क्षेत्र असे प्रवास करीत नाही. त्याच्या बलरेषा म्हणजे अखंड वेटोळी होत. कोणत्याही जागेत जितक्या रेषा शिरतात, तितक्याच बाहेर पडतात. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर जमा आणि नावे नेहमी सारखे, शिल्लक शून्य. त्यामुळे चुंबकापासून दूर, मोकळ्या जागेत, सभोवतालपेक्षा प्रबळ असा एखादा बिंदू स्थिर चुंबकांच्या साहाय्याने निर्माण करता येत नाही. क्षेत्र उगमापाशीच सर्वाधिक असते व अंतरागणिक झपाट्याने क्षीण होते.

मात्र क्षेत्राला वाट दाखवता येते. ट्रान्सफॉर्मरमधील लोखंडी गाभा हेच कार्य करतो. विरुद्ध दिशेच्या वेटोळ्याने नको तेथील क्षेत्र कमीही करता येते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे १९८५ मध्ये प्रथम दाखवण्यात आलेल्या व आज नैराश्यावरील उपचारांत वापरल्या जाणाऱ्या मेंदू-उद्दीपन पद्धतीत इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेटोळे डोक्यावर धरतात. त्याच्या मध्यभागाखाली परिणाम सर्वाधिक होतो. परंतु तोही काही सेंटिमीटर खोलीपर्यंतच.

एमआरआय यंत्र क्षेत्र एका जागी रोखण्याच्या खटपटीत पडतच नाही. ते प्रथम शरीराभोवती एकसारखे प्रबळ क्षेत्र निर्माण करते, सर्वसाधारणपणे १.५ टेस्ला, म्हणजे आपल्याकडील पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३५ हजार पट. मग त्यावर लहानसा चढउतार घालण्यात येतो. पेटीची प्रत्येक पट्टी वेगळा सूर देते, तसा शरीरातील हायड्रोजन जागेगणिक किंचित वेगळ्या कंप्रतेने प्रतिसाद देतो. त्यावरून संगणक जागा ओळखतो. या कल्पनेच्या विकासासाठी पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे सारे मुख्य क्षेत्राच्या एकसारखेपणावर अवलंबून असते. त्यात दशलक्षांश भागांचा फरकही प्रतिमा बिघडवू शकतो. बाह्य विजेचा उपद्रव किती दूरवर पोहोचतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेतील भूचुंबकीय मापने धोक्यात आली. म्हणून नानाभाई फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी वेधशाळा सुरू करण्यात आली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे मापने चालली, १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. अलिबागची वेधशाळा आजही कार्यरत आहे.

टिटवाळ्यातून कसारा मार्गाच्या विजेवरील गाड्या जातात. रुळांतील विद्युतप्रवाह आणि धावणारे लोखंड या दोहोंचा विचार जागा निवडताना करावाच लागेल. भिंतींतील पोलादी पत्रे चुंबकीय क्षेत्राला आपल्यातून वाट देऊन ते बाहेर पसरू देत नाहीत. तांब्याचे आवरण रेडिओलहरींना अडवते. हा खर्च सजावटीचा नव्हे.

आणखी एक बाब नातेवाइकांच्या जिवाशी निगडित आहे. अतिसंवाहक चुंबक तपासणी नसतानाही, रात्रंदिवस चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआय कक्षात गेलेल्या एका रुग्णाच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला. म्हणून तपासणी कोठेही असो, अंगावरील धातूच्या वस्तू बाहेर ठेवाव्यात. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेल्या कोणत्याही धातूची माहिती आधीच द्यावी. आणि कर्मचाऱ्यांनी दारात अडवल्यास राग मानू नये.

दात्यांनाही नम्र विनंती, की यंत्रासाठी दिलेल्या देणगीइतकेच खोलीसाठी दिलेल्या देणगीचे मोल मानावे. जागेची शास्त्रीय पाहणी आधी व खरेदी नंतर, हाच क्रम रुग्णांच्या हिताचा आहे.