वेलीची कावीळ आणि न झालेली फवारणी

२०१३च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या बर्गंडी भागातील कोत-दोर जिल्ह्यात सरकारी आदेश निघाला. जिल्ह्यातील प्रत्येक द्राक्षबागेत तुडतुड्यांविरुद्ध कीटकनाशक फवारलेच पाहिजे, असे त्यात म्हटले होते. बोन गावाजवळ सुमारे दहा हेक्टरची बाग कसणारे एमान्युएल जिबूलो यांनी फवारणी केली नाही. ते बायोडायनॅमिक पद्धतीने द्राक्षे पिकवतात आणि त्यांची वाइनही स्वतःच बनवतात. आदेश मोडल्याबद्दल सहा महिने कैद आणि ३० हजार युरो दंडापर्यंत शिक्षा होऊ शकत होती. त्यांच्या बाजूने पाच लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. हा निसर्गप्रेमी शेतकरी आणि आडमुठे सरकार यांच्यातला सामना आहे, अशी अनेकांची समजूत झाली. प्रकरण इतके सोपे नव्हते.

आदेशामागे एक रोग होता. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘सोनेरी पिवळेपणा’; वेलीची कावीळच म्हणा. पांढऱ्या द्राक्षांच्या वेलींची पाने पिवळी पडतात, काळ्या जातींची लाल होतात, काड्या नीट पिकत नाहीत आणि घड सुकतात. कारण आहे फायटोप्लाझ्मा, म्हणजे पेशीभित्तिका नसलेला जिवाणू. वेलीचा अन्नरस वाहून नेणाऱ्या नलिकांत तो राहतो. उत्तर अमेरिकेतून युरोपात आलेला एक तुडतुडा रोगट वेलीचा रस शोषतो. जंतू त्याच्या शरीरात साधारण महिनाभर वाढतो आणि मग तो कीटक मरेपर्यंत निरोगी वेलींना रोग देत राहतो. हिवतापाचा जंतू डासात वाढल्याशिवाय डास रोग पसरवू शकत नाही, तसेच हे गणित. फरक इतकाच, की हिवतापावर औषध आहे. इथे वेल उपटून जाळावी लागते आणि एखाद्या तुकड्यातील २० टक्क्यांहून जास्त वेली बाधित निघाल्या, तर फ्रान्समध्ये सगळा तुकडा काढावा लागतो. नवी लागवड फळाला यायला तीन वर्षे जातात.

शेजारच्या सोन-ए-ल्वार जिल्ह्यात रोग सापडला होता, त्यामुळे प्रशासनाची धास्ती खोटी नव्हती. जिबूलो यांचे म्हणणे असे, की आपल्या परिसरात रोग दिसलेला नसताना सरसकट फवारणी कशासाठी? सेंद्रिय शेतीत चालणारे, शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढलेले पायरेथ्रिन वापरण्याची मुभा त्यांना होती. पण तेही मित्रकीटक आणि शत्रुकीटक यांत भेद करत नाही. आपल्याकडे डेंग्यूचा रुग्ण सापडला की गल्लीत धुराचे यंत्र फिरते, लोकांना बरे वाटते आणि गच्चीवरच्या टाकीतल्या अळ्या तशाच राहतात. जिबूलो यांच्या आक्षेपात असेच काहीसे तथ्य होते. मात्र फवारणी नको म्हणणाऱ्यावर दुसरी जबाबदारी येते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओळीन् ओळ चालून रंग बदललेली वेल हेरायची, खूण करायची, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि रोग निघाला तर उपटायची. लागवडीची रोपे ५० अंश सेल्सियसच्या पाण्यात ४५ मिनिटे ठेवून निर्जंतुक करायची. हे काम शेजाऱ्यांसह करावे लागते, कारण तुडतुड्याला कुंपण कळत नाही.

या कामात बायोडायनॅमिक शास्त्राची मदत किती? १९२४ मध्ये रुडॉल्फ स्टायनर यांनी कोबेरविट्झ येथे दिलेल्या व्याख्यानांतून ही पद्धत निघाली. स्टायनर स्वतः शेतकरी नव्हते. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे, वसंतात काढायचे, हेक्टरी सुमारे १०० ग्रॅम शेण पाण्यात तासभर उलटसुलट ढवळून शिंपडायचे. दुसऱ्या शिंगात गारेची, म्हणजे क्वार्ट्झची पूड. छाटणी, तोडणी, वाइन बाटलीत भरणे यांसाठी चंद्राचे पंचांग. जर्मनीतील गाइझेनहाइम येथे २००६ पासून द्राक्षांवर दीर्घकालीन तुलना चालू आहे. सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक बागांत शिंगांमुळे पडलेला ठळक फरक त्यात दिसलेला नाही. कॅलिफोर्नियातल्या एका बागेत मातीच्या तपासणीतही तसेच आढळले. फायदा दिसतो तो शेणखत, ओळींमधले गवत आणि तणनाशक न वापरणे यांचा. लहान बागेचा मालक रोज प्रत्येक वेल पाहतो, हेही कमी नाही.

आणि ‘रसायनमुक्त’ हा शब्द तर सोडूनच द्यावा. केवड्यासाठी या बागांतही बोर्डो मिश्रणच लागते. मोरचूद आणि चुन्याचे हे मिश्रण नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला समजावून सांगायला नको. तांबे विघटित होत नाही, मातीत साचते आणि गांडुळांना त्रास देते. म्हणून युरोपीय संघाने सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. पोर्तुगालमध्ये हे मिश्रण वर्षानुवर्षे फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत तांबे साचून होणारा आजार १९६९ मध्ये वैद्यकीय साहित्यात नोंदला गेला. बायोडायनॅमिक बागेतही फवारणाऱ्याच्या नाकावर मास्क हवाच. दुसऱ्या बाजूला, फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशकांशी संबंध आलेल्या शेतकऱ्यांच्या पार्किन्सन्सला व्यावसायिक आजार मानले. संश्लेषित कीटकनाशके बंद करण्याचा खरा लाभार्थी बागेत राबणारा माणूस आहे, बाटली विकत घेणारा नव्हे.

एप्रिल २०१४ मध्ये दिजोंच्या न्यायालयाने जिबूलो यांना १००० युरो दंड केला, त्यातला निम्मा स्थगित. डिसेंबरमध्ये अपिलात ते निर्दोष सुटले, कारण आदेशच कायद्याच्या चौकटीत बसत नव्हता. फवारणी गरजेची होती की नव्हती, याचा निकाल त्यात नाही.

अशा बागेतल्या वाइनकडे ‘आरोग्यदायी’ म्हणून पाहणारे ग्राहक मात्र वाढत आहेत. द्राक्षांच्या सालीवरच्या आणि तळघरातल्या यीस्टवर किण्वन होते, सल्फाइट कमी घालतात. युरोपात कोरड्या लाल वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅम सल्फाइट चालते, सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर १००. मद्यार्कात मात्र काही फरक नाही. १३ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलिलिटर पेल्यात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे. सल्फाइटने धाप लागणाऱ्या दमेकऱ्यांनीही ‘सल्फाइट घातलेले नाही’ या ओळीवर विसंबू नये. किण्वन होताना यीस्ट स्वतःच थोडे सल्फाइट तयार करते.