लोणारला उल्का आदळली तेव्हा जे झालं, तेच आता लेझरखाली होतंय! सिरॅमिक छापताना घट्ट होतं तरी कसं?

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार म्हटलं की सरोवर आठवतं. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा त्याचे फोटो तुम्हीही शेअर केले असतील. पण लोणारच्या मातीत आणखी एक गोष्ट सापडते, ती म्हणजे काळ्या काचेचे बारीक तुकडे आणि मणी.

ही काच कुणी बनवलेली नाही, ती दगडापासून झाली. लोणारचा खडक बेसाल्ट, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. त्यावर काही लाख वर्षांपूर्वी उल्का आदळली, सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला आणि खडकाचा काही भाग क्षणात वितळला. 1973 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधाने हा खड्डा आघातानेच झाल्याचं पुराव्यानिशी मांडलं.

दगड तोच, मग काच का?

फरक थंड होण्याच्या वेगाचा. लाव्हा सावकाश निवला, त्यामुळे अणूंना ओळीत बसायला वेळ मिळाला आणि स्फटिक तयार झाले. उल्केने उडवलेले थेंब हवेतच गार झाले. अणू जिथे होते तिथेच अडकले आणि काच झाली.

लेझरने सिरॅमिकची वस्तू छापताना नेमकं हेच कोडं समोर येतं.

लेझर काय करतो?

सिरॅमिक म्हणजे फक्त कपबशी नव्हे. वीट, टाइल्स, दातांच्या कॅपसाठी वापरतात तो झिर्कोनिया, हे सगळं सिरॅमिकच. ते लेझरने छापण्याच्या मुख्य पद्धती दोन.

पहिली, पावडर थेट तापवण्याची. पावडरचा पातळ थर पसरायचा आणि हव्या त्या आकारात लेझर फिरवायचा. उष्णता बेताची असेल तर कण कडेकडेने एकमेकांना चिकटतात. याला सिंटरिंग म्हणतात. वीटभट्टीतली वीटही अशीच पक्की होते, पूर्ण वितळून नाही. उष्णता जास्त असेल तर पावडर वितळते आणि लेझर पुढे सरकताच गोठते. मग त्यावर पुढचा थर.

दुसऱ्या पद्धतीत सिरॅमिकची पावडर प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये कालवतात. इथे लेझरमुळे घट्ट होतं ते रेझिन, सिरॅमिक नाही! वस्तू अजून कच्चीच असते, भट्टीत न गेलेल्या मडक्यासारखी. पुढे हळूहळू तापवून रेझिन जाळून टाकतात आणि मग जास्त तापमानाला वस्तू भाजतात. त्यात ती आकसते, म्हणून मुळात मोठीच छापावी लागते.

मग अडतं कुठे?

तडे! गरम काचेच्या ग्लासात थंड पाणी ओतलं की काय होतं, ते घरी कधीतरी पाहिलंच असेल. थंड होणारी वस्तू आकसते. धातू थोडा ताणला जाऊन ते सोसतो, सिरॅमिक सोसत नाही. लेझरखालचा ठिपका प्रचंड तापतो, शेजारचा भाग मात्र तेवढा गरम नसतो. ठिपका निवताना आकसू पाहतो, शेजारचा घट्ट भाग त्याला आकसू देत नाही. त्या ओढाताणीत चीर पडते.

निसर्गातही हे दिसतं. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे दगडी खांब वितळलेला खडक निवताना पडलेल्या भेगांमुळेच झालेत.

यावर उपाय?

एक म्हणजे आजूबाजूचं सगळंच आधी तापवायचं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी अॅल्युमिना आणि झिर्कोनिया यांचं मिश्रण वापरलं. अॅल्युमिना एकटा 2,000 अंश सेल्सिअसच्याही वर वितळतो, मिश्रण त्याहून कमी तापमानाला वितळतं. त्यांनी ते आधीच 1,600 अंशांच्या आसपास तापवून मग लेझर फिरवला. तापमानातला फरक कमी झाला, तसे तडेही टळले.

दुसरा उपाय लेझरच्या वाटेत आहे. युरोपियन स्पेस एजन्सीच्या एका प्रकल्पात चंद्रावरच्या मातीसारखी पावडर लेझरने वितळवून फरशा बनवल्या. लेझरची वाट स्वतःलाच ओलांडून गेली की तडे जात. म्हणून मधे पोकळी असलेला त्रिकोणी आकार निवडला, त्यात वाट कुठेच एकमेकींवर येत नाही. 2023 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. चंद्रावर धूळ उडू नये म्हणून रस्ते करायचे तर सिमेंट इथून कोण नेणार? तिथलीच माती वितळवावी लागेल.

आपल्याकडे बंगळुरूच्या आयआयएससीमधले संशोधक अशाच नकली चंद्रमातीच्या भाजलेल्या विटांमधल्या भेगा जिवाणूंच्या मदतीने बुजवण्याचे प्रयोग करतायत.

आणि लोणार?

चंद्रावरचे काळे डाग हे बेसाल्टचेच आहेत. म्हणूनच बेसाल्टमध्ये पडलेलं लोणारचं विवर चंद्राच्या अभ्यासकांनाही महत्त्वाचं वाटतं. खडक वितळवायची ताकद उल्केत होती, ती आज लेझरमध्येही आहे. वस्तू टिकणार की तडकणार, हे मात्र ती कशी निवते यावर ठरतं.

पुढच्या वेळी लोणारला गेलात, तर पायाखालच्या मातीकडेही बघा. फक्त बघा, उचलून आणू नका. तो संरक्षित परिसर आहे.