बाद होण्याची किंमत (बेसबॉल)

बाद होण्याची किंमत म्हणजे बेसबॉलमध्ये फलंदाज ज्या प्रकारे बाद होतो, त्यानुसार त्याच्या संघाच्या अपेक्षित धावांत होणारी घट. नऊ डावांच्या सामन्यात संघाला साधारणपणे २७ गडी बाद होईपर्यंत खेळता येते. मात्र प्रत्येक वेळी होणारे नुकसान सारखे नसते. मोठे फटके मारणाऱ्या फलंदाजांची तुलना करताना केवळ होमरन आणि स्ट्राइकआउट मोजल्यास ही बाब नजरेआड होते.

बाद होण्याचे प्रकार

तीन स्ट्राइक पूर्ण झाल्यावर फलंदाज बाद होतो, त्यास स्ट्राइकआउट म्हणतात. यात चेंडू मैदानात जात नसल्याने बेसवरील धावकांना सहसा पुढे सरकता येत नाही. जमिनीलगतच्या फटक्यावर फलंदाज बाद झाला, तरी धावक कधीकधी पुढचा बेस गाठतो. परंतु पहिल्या बेसवर धावक असल्यास एकाच फटक्यावर दोघेही बाद होण्याचा धोका असतो. यास डबल प्ले म्हणतात. क्रिकेटमध्ये झेल गेल्यावर त्या चेंडूवर धाव मिळत नाही. बेसबॉलमध्ये मात्र झेल घेतल्यानंतर धावक बेस सोडून पळू शकतो. अशा रीतीने धाव मिळवून देणाऱ्या फटक्यास सॅक्रिफाइस फ्लाय म्हणतात.

अपेक्षित धावा

किती गडी बाद आहेत आणि कोणत्या बेसवर धावक आहेत, यावरून त्या डावात पुढे सरासरी किती धावा होतात, हे पूर्वीच्या सामन्यांच्या नोंदींवरून काढले जाते. जॉर्ज लिंडसे यांचा १९६३ मधील अभ्यास या पद्धतीच्या आरंभीच्या अभ्यासांपैकी एक आहे. मेजर लीग बेसबॉलच्या २०१० ते २०१५ या हंगामांतील सरासरीनुसार काही उदाहरणे (आकडे अंदाजे):

| स्थिती | प्रकार | आधी | नंतर | फरक |
|---|---|---|---|---|
| पहिल्या बेसवर धावक, कोणी बाद नाही | स्ट्राइकआउट | ०.८६ | ०.५१ | −०.३५ |
| तीच | डबल प्ले | ०.८६ | ०.१० | −०.७६ |
| तिसऱ्या बेसवर धावक, एक बाद | स्ट्राइकआउट | ०.९५ | ०.३५ | −०.६० |
| तीच | सॅक्रिफाइस फ्लाय | ०.९५ | १.१० | +०.१५ |

शेवटच्या ओळीतील १.१० मध्ये मिळालेली एक धाव समाविष्ट आहे. स्ट्राइकआउटमुळे धावक जागीच राहतो, तर चेंडू मारून बाद होण्यात डबल प्लेचा धोका असतो. हे दोन्ही तोटे एकमेकांना जवळजवळ भरून काढतात. त्यामुळे सर्व प्रसंगांची सरासरी घेतल्यास स्ट्राइकआउट आणि इतर प्रकारे बाद होणे यांच्या किमतीत फारच थोडा फरक उरतो.

फलंदाजांची तुलना

| फलंदाज | फलंदाजीच्या पाळ्या | होमरन | स्ट्राइकआउट | डबल प्ले |
|---|---|---|---|---|
| रेगी जॅक्सन | ११,४१८ | ५६३ | २,५९७ | १८३ |
| जिम राइस | ९,०५८ | ३८२ | १,४२३ | ३१५ |
| अल्बर्ट पुहोल्स | १३,०४१ | ७०३ | १,४०४ | ४२६ |

कारकिर्दीतील सर्वाधिक स्ट्राइकआउटचा विक्रम जॅक्सन यांच्या नावे आहे. मात्र त्यांच्या फटक्यावर डबल प्ले सरासरी ६२ पाळ्यांतून एकदाच झाला. राइस यांच्या बाबतीत हे प्रमाण २९ पाळ्यांत एक, तर पुहोल्स यांच्या बाबतीत सुमारे ३१ पाळ्यांत एक असे आहे. राइस यांनी १९८४ च्या हंगामात ३६ वेळा डबल प्लेचा फटका मारला, हा एका हंगामातील विक्रम आहे. कारकिर्दीतील असा विक्रम पुहोल्स यांचा आहे. म्हणजेच जॅक्सन यांच्या स्ट्राइकआउटमुळे दिसणाऱ्या तोट्याचा काही भाग डबल प्ले टळल्याने भरून निघतो.

मर्यादा

डबल प्लेची संख्या केवळ फलंदाजाच्या कौशल्यावर ठरत नाही. आधीचे फलंदाज वारंवार बेसवर पोहोचत असतील, तर त्याची शक्यता वाढते. राइस यांच्या आधी वेड बॉग्ज आणि ड्वाइट एव्हान्स यांसारखे फलंदाज खेळत. डावखुरा फलंदाज पहिल्या बेसच्या अधिक जवळ उभा असतो, हा लाभ जॅक्सन यांना होता. राइस आणि पुहोल्स उजव्या हाताने फलंदाजी करत. म्हणून डबल प्लेची तुलना एकूण पाळ्यांपेक्षा, दोनपेक्षा कमी गडी बाद असताना पहिल्या बेसवर धावक असलेल्या पाळ्यांशी करणे अधिक न्याय्य ठरते.