दत्तचरणींचे श्वान आणि आपल्या दारचे

मार्गशीर्षी पौर्णिमेस सायंकाळी घरोघरी दत्तजन्माचा पाळणा हलतो. औदुंबरातळी त्रिमूर्ती, मागे गोमाता आणि चरणांशी चार श्वान, ही तसबीर आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. ते चार श्वान म्हणजे चार वेद, असे आपण बालपणापासून ऐकत आलो. परंतु त्या तसबिरीला फूल वाहून उठल्यावर अंगणातील कुत्र्याच्या पाठीत काठी घालताना आपल्याला काही वावगे वाटत नाही. आजच्या शुभदिनी याचा थोडा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

महाभारताच्या आदिपर्वात एक कथा आहे. कुरुक्षेत्री जनमेजयाचे सत्र चालू असता सरमेचा पुत्र तेथे आला आणि राजाच्या तिघा भावांनी त्याला मारले. तो रडत मातेकडे गेला. सरमा यज्ञमंडपात आली आणि तिने विचारले, की माझ्या पुत्राने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, त्याला जीभ लावली नाही. मग त्याला का मारले? कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा न दिसणारे भय तुझ्यावर येईल, असा शाप तिने राजाला दिला.

अरण्याच्या कडेला राहणाऱ्यांना या प्रश्नाचे मोल अधिक कळावे. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हे असेच गाव. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला तेथील विस्तीर्ण तलाव, हिवाळ्यात त्यावर उतरणारी पाखरे, 1975 साली घोषित झालेले राष्ट्रीय उद्यान आणि 2013 पासूनचा व्याघ्रप्रकल्प यांमुळे ते सर्वश्रुत आहे. अशा गावी कुत्रा हा घराचा राखणदार, आणि बिबट्याचे सोपे भक्ष्यही. तो अनावर होऊन चितळांमागे रानात धावला, तर स्वतः जिवास मुकतो. शिवाय पिसाळीसारखे रोग रानकुत्र्यांपर्यंत नेऊ शकतो. म्हणून कुत्र्याला वळण लावणे ही तेथे हौस नव्हे. घर, मुका जीव आणि अरण्य या तिघांचे ते रक्षण आहे.

हे वळण फार लवकर लावावे लागते. पिलू साधारण तीन आठवड्यांचे झाल्यापासून तीन महिन्यांचे होईतो त्याचे मन नव्याला सहज आपलेसे करते. या काळात लहान मूल, काठी टेकणारे आजोबा, पागोटेवाला, छत्रीवाला, सायकल, बैलगाडी, गोठ्यातील गुरे हे सारे त्याला दुरून आणि बेताने दाखवावे. लसी पूर्ण होईतो त्याला कडेवर घेऊन फिरवावे. परक्या कुत्र्यांत सोडू नये. ते न भिता राहिले की भाताचा घास द्यावा. चुकले म्हणून मारल्यास ते शिकत नाही, केवळ हाताला भिऊ लागते.

आता ज्याला ऐकूच येत नाही, त्याचे काय? पिलाचे कान जन्मानंतर सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात. केसांना रंग देणाऱ्या पेशी अंतर्कर्णातही लागतात. त्या तेथे नसल्या, तर काही आठवड्यांतच श्रवण नाहीसे होते. म्हणून पांढऱ्या अंगाच्या कुत्र्यांत, विशेषतः ठिपकेदार डाल्मेशियन जातीत, बहिरेपण अधिक आढळते. अर्थात प्रत्येक पांढरा कुत्रा बहिरा नसतो. वार्धक्याने तर कोणाचेही कान जातात. आणि असा जीव हाकेला येत नाही, म्हणून हट्टी ठरून मार खातो. त्याचा अपराध सरमापुत्राइतकाच!

वास्तविक बहिरा कुत्रा उत्तम शिकतो. त्याला हाताची भाषा द्यावी. उघडा तळवा म्हणजे ‘थांब’, हात छातीकडे घेतला की ‘ये’, अंगठा उंचावला की ‘शाबास’. घरातील सर्वांनी एकच खूण वापरावी, आणि त्याने आपणहून आपल्याकडे पाहिले की दर वेळी घास द्यावा. म्हणजे पाहण्याची सवय जडते. रात्री विजेरीची उघडझाप करून त्याला बोलवावे. झोपेतून एकदम हलवू नये. आधी नाकाजवळ घास धरावा, मग खांद्याला हलकेच स्पर्श करावा. दचकून चावणारा कुत्रा दुष्ट नसतो, घाबरलेला असतो. मात्र रस्त्यावर वा रानाकडेला त्याला साखळीविना कधीही सोडू नये. त्याला ना मोटारीची चाहूल लागते, ना बिबट्याची.

ज्या महाभारताच्या आरंभी निरपराध श्वानाला मार बसतो, त्याच्याच अखेरीस युधिष्ठिर सोबत आलेल्या श्वानाला टाकून स्वर्गात जाण्यास नकार देतो, आणि तो श्वान साक्षात् धर्म असल्याचे प्रकट होते. आज नैवेद्याच्या पानातील भाताचा घास दारच्या श्वानापुढे ठेवू या. तो हाकेला आला नाही, तर काठी उचलण्यापूर्वी तो पाठमोरा असता दुरून किल्ल्यांचा जुडगा वाजवून पाहावा. त्याने मान वळवली नाही, तर पुन्हा एकदा खात्री करून पशुवैद्यांना दाखवावे, आणि त्याच्या समोर जाऊन हाताने खूण करावी. सरमेच्या प्रश्नाला आपल्या घरापुरते तरी उत्तर मिळेल.